फाउंडेशनला बांधलेली ट्यूब

मळवली,
७ डिसेंबर २०२५

धम्मदीपदादा,
सप्रेम जय भीम.

"हिच्या पायाला क्लच कळत न्हाई, आबा. हिला कशाला शिकवताय?" मी कॉलेजात होते तेव्हा अंगणात उभा राहून तू हे म्हणाला होतास. आबा हसले होते आणि मला म्हणाले होते, "तू चालव गं." सकाळपासून तेच डोक्यात आहे, म्हणून लिहायला बसले.

इकडे ठीक. भात झोडून झाला. आईचे गुडघे दुखतात. शालनवहिनीला सांग, तिचा इंद्रायणी तांदूळ बाजूला काढून ठेवलाय.

कुसगावचा हॉटेलवाला आबांची फियाट बघून गेला. लग्नाच्या फोटोंसाठी विकत हवी आहे त्याला. पहिला गिअर टाकून क्लच सोडला, तर गाडी अशी थरथरली की तो खालीच उतरला. त्याने तुला फोन लावला. "बहिणीनं जाळलाय क्लच," तू म्हणालास, "भावात बघून घेऊ." फोन स्पीकरवर होता, दादा. आई शेजारी तांदूळ निवडत होती.

म्हणून मी लोणावळ्याहून दत्तोबा मिस्त्रींना बोलावलं. म्हटलं, "माझ्या पायानं गेला असेल तर तोंडावर सांगा." त्यांनी बॉनेट उघडलं, मला समोर उभं केलं, स्वतः आत बसले. हँडब्रेक ओढून क्लच हळूहळू सोडला. इंजिन एका अंगाने वर उठायचं आणि आपटायचं. तीच थरथर.

"क्लच न्हाई वो ताई, फाउंडेशन गेलंय," ते म्हणाले. इंजिन ज्या रबरावर बसतं ते. मग खाली वाकून बघितलं आणि हसायलाच लागले. "ह्ये कुनी बांधलंय? गाडी हाय का शेतातला पाईप?"

तुटलेल्या रबराभोवती सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, वरून तांब्याची तार. विहिरीवरच्या मोटारीचा पाईप गळला की तू असाच बांधतोस. आपल्या घरात दुसरं कुणी तसं बांधत नाही. मला भुशी धरणाचा तो रविवार आठवला. आबांना न विचारता गाडीतून मित्रांना घेऊन गेलास आणि आल्यावर म्हणालास, "दगडाला जरा घासली, काय झालं न्हाई." आबा ओरडतील म्हणून लपवलंस ना? मग मला तरी सांगायचं होतंस! गाडी मीच चालवत होते!

आता लिहितेच. त्यानंतर महिन्याभरातच आबांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेताना रेल्वे फाटकाच्या चढावर माझ्या हातात गाडी थरथरून बंद पडली. सुरू केली, पुन्हा बंद. मागे आबा आईच्या मांडीवर. शेवटी दुधाच्या टेम्पोतून नेलं, तोवर ते गेले होते. बाप गेल्याच्या दिवशी तू सगळ्या भावकीसमोर म्हणालास, "हिनं गाडी नीट उचलली असती तर आबा वाचले असते."

आणि मी ते खरं मानलं. तीन वर्षं. मी चहा नेला की आई माझ्याकडे न बघता कप घेते.

गाडी चालली असती तरी आबा वाचले असते का, मला ठाऊक नाही. तू त्यांना मारलंस असं मी म्हणणार नाही. तू मात्र मला तसं म्हणालास, आणि ट्यूब कुणी बांधली हे माहीत असताना म्हणालास. याचा राग मला कुठे ठेवू, सांग.

दत्तोबांनी नवीन रबर बसवलं. काल त्याच चढावर मी मुद्दाम थांबले आणि गाडी उचलली. जराही हलली नाही. पुढे जाऊन कडेला उभी केली आणि स्टिअरिंगवर मुठी आपटत रडले.

गाडी खुशाल विक. माझा वाटाही तूच ठेव. मी आईला यातलं काही सांगितलेलं नाही. मी सांगितलं तर तिला वाटेल, स्वतःची सुटका करून घेतेय. तू येणार नाहीस, कामावरून सुट्टी नाही म्हणशील, हेही मला माहीत आहे. तरी मागते. रविवारी ये, आईजवळ बस, आणि तुझ्या तोंडाने तिला सांग.

अजून तुझीच बहीण,
रुपाली