तांबड्या पक्ष्यांचं मडकं

प्रिय आई,
इथूनच तुझ्या पाया पडते. मी बरी आहे, वेळेवर जेवते. तू बीपीची गोळी चुकवत नाहीस ना? लालबागला उकाडा फार असेल.

अ‍ॅरिझोनातल्या या संग्रहालयात मी होहोकम लोकांची हजारेक वर्षांपूर्वीची मडकी जोडते. पिवळट मातीवर तांबडे पक्षी, पोटाभोवती एकामागून एक रंगवलेले. काल एक जोडायला घेतलं, तर आमच्या विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "हे राहू दे. हे लोकही दहन करायचे. चितेपाशी मुद्दाम फोडलंय."

माझे हात थांबले. बाबांच्या वेळी विनीत माझ्यासाठी थांबला नाही, स्मशानात मडकं फोडून मोकळा झाला, म्हणून महिनाभर मी सख्ख्या भावाशी बोलले नाही.

ते तुकडे तसेच पेटीत ठेवले. आई, खांद्यावरचं मडकं सोडताना विनीतचे हात कापत होते का गं? मी कधी विचारलंच नाही.

तुझी,
श्रेया