घरचा रिपोर्ट

४ एप्रिल
आज मास्तरची तिमाही तपासणी. मास्तर टेलर आहे आणि माझ्यासोबत राहतो. घरमालकाला मावसभाऊ सांगितलंय. एकत्र राहायला लागलो तेव्हाच ठरलं होतं, दोघांच्याही आधीच्या भानगडी आहेत, आपल्यासारख्यांना एचआयव्ही वगैरेची जोखीम जास्त, तर दर तीन महिन्यांनी दोघांनीही रक्त तपासायचं. मी एकही खेप चुकवलेली नाही. सोबत जातो, गाडी लावतो, बाकावर बसून त्याची पिशवी सांभाळतो. नर्सबाईंनी आज विचारलं, पिशवीवाले, तुमचं कधी? म्हटलं, पुढच्या वेळी नक्की. लिफ्टच्या कामावरून थेट आलो होतो, हाताला ग्रीस. अशा हातांनी रक्त देणं बरं दिसत नाही.

७ एप्रिल
मास्तरचं सगळं निगेटिव्ह. सुटलो! एका ताटात जेवतो, एका पलंगावर झोपतो, त्याचा रिपोर्ट तो घरचा रिपोर्ट. एकाच लिफ्टची दोनदा सर्व्हिसिंग कशाला? मास्तर म्हणाला, माप ज्याचं त्याचं घ्यावं लागतं. टेलर माणूस, दुसरं काय बोलणार.

२२ एप्रिल
बाहेरगावी काम. नेहमीचा ओळखीचा भेटला. बाहेरगावचं घरी आणायचं नाही हा माझा नियम, आणि तो मी कडक पाळतो. मास्तरला सांगत नाही. उगाच जिवाला घोर लावून घेतो.

१४ मे
ओठाला आतून फोड. दुखत नाही. दुखत नाही म्हणजे काळजीचं काही नाही.

२९ मे
फोड आपोआप गेला. प्रकृती मुळातच उत्तम.

आज एका बिल्डिंगच्या मॅनेजरशी कडाक्याचं भांडण. म्हणतो, लिफ्ट चालतेय की, मग तपासायची कशाला? डोकंच फिरलं. अरे, दोर आतून झिजतो, वरून कळत नाही! चालतेय तोवरच बघायची असते. फार छान बोललो. घरी येऊन मास्तरला ऐकवलं. तो काजं करत होता. मान वर न करता 'हं' म्हणाला.

५ जुलै
आज मीही रक्त देणार होतो. अगदी ठरवून गेलो. पण पिशवी कोणाकडे द्यायची? मास्तर म्हणाला, मी धरतो की. तोवर नंबर पुढे गेला.

८ जुलै
सिफिलिस. मास्तरला. बाकी सगळं निगेटिव्ह, आणि हेही इंजेक्शनने पूर्ण बरं होतं म्हणे. मी विचारलं, कुठून आणलंस? तोंडातून निघूनच गेलं. तो म्हणाला, मी कुठं जातो रे? दुकान आणि घर. मग नुसता माझ्याकडे बघत राहिला. मी स्टुलावर चढून पंखा दुरुस्त करायला घेतला. पंखा बिघडलेला नव्हता.

११ जुलै
नर्सबाईंचा फोन. ताबडतोब या, त्यांचा रिपोर्ट त्यांचा, तुमचा तुमचा. सोमवारी जातो. लॅबचीच चूक असेल, असं मास्तरला सुचवून पाहिलं. तो एकटाच जाऊन इंजेक्शन घेऊन आला. पिशवी नेली नव्हती.

१६ जुलै
सोमवार गेला. कामं फार.

खरं लिहितो. भीती वाटते. आजाराची नाही. माझा रिपोर्ट आला की मास्तरला सगळं कळेल, त्याची.

१७ जुलै
कालचं खोडायला हवं. त्याला कळलेलंच आहे.

२१ जुलै
मास्तर बहिणीकडे गेला. भांडण नाही, आवाज नाही. जाताना म्हणाला, आजाराचं काही नाही रे, त्याला औषध आहे. तू मला विचारलंस, कुठून आणलंस म्हणून.

शिलाई मशीन नेलं, पण मोठी कात्री इथंच आहे. कात्रीशिवाय टेलर किती दिवस राहणार? येईलच.

२५ जुलै
कात्री न्यायला त्याची बहीण येऊन गेली. चहा घेतला नाही.

३० जुलै
गेलो एकदाचा. सवयीने पिशवीही घेतली होती, रिकामीच. नर्सबाई आज पिशवीवाले म्हणाल्या नाहीत. पॉझिटिव्ह. अजून कोणाला कळवायला हवं, असं त्यांनी विचारलं. मी एक नाव सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं, पेन खाली ठेवलं नाही. मग दुसरंही सांगितलं.

इंजेक्शन कमरेत घ्यायचं होतं. म्हणाल्या, पिशवी सोबतच्यांकडे देऊन या. म्हटलं, येतोय तो, गाडी लावतोय. त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली आणि खुंटीला अडकवली. फार दुखलं. पुन्हा तीन महिन्यांनी यायचंय.

लंगडत बाहेर आलो. गाडी मी लावली होती तिथंच होती.