बिनधुळीची खोली

८ नोव्हेंबर १९९७
आले एकदाची सुरतेला! धुळ्याहून निघताना आत्या डोळ्यांत पाणी आणून म्हणत होती, पोरीला प्लेगच्या गावाला धाडताय. अहो आत्याबाई, त्या प्लेगनंतर हे गाव असं झाडून-पुसून काढलंय की आपल्या धुळ्याने मान खाली घालावी. नवागाममध्ये खानदेशी लोकांच्या चाळीत खोली मिळाली. गल्लीभर अहिराणी ऐकू येते, परकं काही वाटतच नाही.

नोकरी कडोदऱ्याला, मालक जयसुखभाई. हिरे कापायच्या लेझर यंत्रांची भिंगं बनवायची आणि त्यांच्यावर पातळ थर चढवायचे. थराखाली एखादा तंतू अडकला तर लेझरची सगळी आग तिथेच धरते आणि भिंग तडकतं. म्हणून बिनधुळीची खोली हवी, आणि ती कशाकशाची बांधायची हे ठरवणार मी. मुलाखतीत त्यांनी काळजीने विचारलं होतं, उज्ज्वलाबेन, एकलाथी थशे ने, एकटीला जमेल ना? मी सांगितलं, मदतीला चार पुरुष दिलेत तर मात्र होणार नाही. बिचारे हसले.

१० नोव्हेंबर
जागा पाहिली. जुनी मागांची शेड आहे. कारागीर दिवाळीला गावी गेले तेव्हा मागांवर अर्धी कापडं तशीच चढलेली होती. जयसुखभाईंना घाई, त्यांनी ताण्यासकट, म्हणजे चढलेल्या उभ्या सुतासकट, सगळे माग गॅस कटरने कापून भंगारात काढले. हे त्यांनी मला मोठ्या कौतुकाने सांगितलं.

आमच्या अण्णांनी जन्म मागावर काढला. चढलेलं कापड पुरं करून उतरवल्याशिवाय ते कुणाला माग हलवू देत नसत. अर्धं टाकलेलं कापड विणायला सूत शोधत फिरतं, असं सांगून आम्हा पोरांना घाबरवायचे. मी तेव्हाही घाबरले नव्हते. जागा मात्र ऐसपैस आहे.

१९ नोव्हेंबर
आठवडाभर नुसतं ‘हे नको, ते नको’ चाललंय. छताला पीओपी नको, भुकटी झडते. लाकडी टेबल नको. भिंतींना पावडर कोटिंगचे पत्रे, खाली व्हिनाइलची अखंड चादर, सांधे वितळवून बुजवलेले. जयसुखभाईंनी हौसेने सुती झगे शिवून आणले होते, ते मी दारातूनच परत पाठवले. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

झग्यांसाठी रिंग रोडच्या बाजारात गेले. अखंड धाग्याचं पॉलिस्टर हवं, ज्याचा तंतू सुटत नाही. सुटलेला तंतू दिसावा म्हणून दुकानात काळी काच काढून तिच्यावर एकेक कापड झटकून पाहिलं. दुकानदाराने विचारलं, बेन, साडीचं कापड पदर लावून बघतात, तुम्ही काचेला का नेसवताय? अख्ख्या दुकानासमोर हसं झालं माझं. पण कापड मिळालं.

आतल्या साफसफाईला लीलाबाई आहेत, माझ्याच चाळीतल्या, मूळच्या अमळनेरच्या. माझ्या आईच्या वयाच्या, कमरेपर्यंत वेणी, तोंडाचा पट्टा सदा चालू. बाई मला फार आवडल्या.

३ डिसेंबर
खोली बंद केली, गाळलेली हवा सोडली. तपासायची रीत सोपी आहे: काळी काच आत ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तिरप्या दिव्याखाली बघायची. पाहिली तर काचेवर सुती तंतू! कापूस मी फाटकाच्या आतसुद्धा येऊ दिलेला नाही. आणि तंतू विखुरलेले नव्हते. काही उभे, काही आडवे, एका कोपऱ्यात नीट. हवेचा झोत तसा असेल.

जुन्या शेडच्या फटींत मुरलेला कापूस असणार. काढते एकेक फट खरवडून. मीही अण्णांची लेक आहे.

९ डिसेंबर
जिंकले! फटी भरल्या, पुठ्ठे हाकलले, पुसायची फडकीसुद्धा कडा वितळवलेली आणली. साधा कागदही आत नाही. नोंदी प्लास्टिकच्या कागदावर. आज काच कोरी. जयसुखभाईंनी पेढे वाटले.

लीलाबाईंनी मात्र पेढा हातात तसाच धरला होता. म्हणाल्या, “आते खोलीमा आपले सोडीसन काहीच नही ऱ्हायनं, ताई.” मी म्हटलं, आत आपल्याखेरीज काही उरू नये, तेच तर हवं होतं.

१२ डिसेंबर
काचेवर पुन्हा. सुती नाही. काळा लांब केस, आणि त्याला आडवे, पारदर्शक, चपटे तुकडे. सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. कातडीचे आहेत. एक वरून, एक खालून, एक वरून. हे हवेच्या झोताचं काम नाही. हे विणलेलं आहे.

लीलाबाईंची वेणी पाठीच्या मध्यापर्यंत आलीय. बोटांची टोकं गुळगुळीत, एक रेघ नाही. मी हुकूम सोडत बहुतेक काचेबाहेर असते, दिवसभर आत त्या असतात. सुटण्यासारखं जे जे होतं ते मी निवडून निवडून बाहेर काढलं. उरलं काय? माणूस.

भीती वाटली. लिहून टाकते म्हणजे संपली. लीलाबाईंना उद्यापासून घरी बसवते.

१५ डिसेंबर
लीलाबाई घरी, खोलीला कुलूप. तरी टेबलाखाली तळहाताएवढं कापड. घरी बसून त्यांच्या भुवया गेल्या. कानामागून केसाहून बारीक काहीतरी सुटतं आणि दाराच्या फटीतून बाहेर जातं. चाळीतून, रस्त्याकडे, कडोदऱ्याच्या दिशेने. ओढून तोडलं तर ओरडतात.

१६ डिसेंबर
संतापून कात्री घेऊन आत गेले. लीलाबाई मागोमाग आल्या होत्या, काचेपलीकडे उभ्या. मी कापडाचा कोपरा कापला. त्यांच्या मनगटावर तेवढीच सरळ चीर पडली. माझ्या डोळ्यांदेखत.

जयसुखभाई म्हणतात, खोली पाडून टाकू. पाडायची म्हणजे पुन्हा ताण्यासकट कापायची. मी त्यांना काय वाटेल ते बोलले. नोकरी गेली तर गेली. कापड फाडता येत नाही, टाकून देता येत नाही. पुरं करूनच उतरवायचं. अण्णांना तार केली असती, पण काय लिहू?

सूत हवंय ना तुला? देते. लीलाबाईंचं नाही.

१८ डिसेंबर
स्वतःच्या हाताने रुईचं गाठोडं आत नेलं. साध्या चपला, अंगावर सुती साडी, झगा नाही. मीच केलेला एकेक नियम मोडला. व्हिनाइलवर कापूस पसरला. जयसुखभाई काचेतून हात जोडत होते.

दुपारपर्यंत वाट पाहिली. कापसाला शिवलं नाही. साडीलाही नाही. माणसाची चटक लागलीय त्या कापडाला. आपणच लावली, मी आणि माझ्या कोऱ्या काचेने —

लीलाबाई आज उठल्या नाहीत. हाताची कातडी कागदासारखी, पलीकडचा उजेड दिसतो. तरी माझा पदर धरून म्हणाल्या, “ताई, मझार नको जाऊ.”

आत जाणार.

१९ डिसेंबर, सकाळ
आत आहे. दार आतून लावलंय. हे प्लास्टिकच्या कागदावर लिहितेय, तो सुटत नाही. कापडाच्या कडेला लीलाबाईंचा शेवटचा केस लोंबत होता. माझा एक उपटला, त्याला गाठ मारून जोडला. लगेच धरला त्याने. नवा ताणा असाच जोडतात.

भीती वाटतेय, खूप. पण राग जास्त आहे.

दुपार
जयसुखभाई काचेशी. कागदावर लिहून दाखवलं — लीलाबाई जेवल्या. भुवई दिसायला लागलीय.
बघ, कापडा. हरलंस तू.

ऊन कलल्यावर
डोक्याला गार लागतंय. हात नाही लावत.
कापड टेबलावर चढलंय. सुरेख आहे, दळभद्रं. पोत अण्णांना आवडला असता.
किती लांब हवंय, सांगत नाही. पण मीही उठणार नाही. पुरं होईल तेव्हा माझ्याच हाताने उतरवीन, घडी घालीन, कात्री —
कात्री उचलता येत नाही. तळवा टेबलाला —
टेबलाला नाही. कापडाला.
डावा गेला तर गेला. उजवा माझा आहे. उजव्याने लि