उपासातली गोळी

पाला (केरळ), १४ मार्च

प्रिय मोनिच्चन,

बरा असशील. बीनाला आशीर्वाद. इथे ऊन रणरणतंय, फणस लगडलेत, माझा गुडघा त्याच्या मर्जीने चालतो.

शनिवारी बापाला न्यायला वृद्धाश्रमाची गाडी पाठवू नकोस. फाटकाला कुलूप असेल.

आता डॉक्टर म्हणून डॉक्टरला लिहिते. नाताळात तू अप्पच्चनची साखर उतरवायची गोळी वाढवलीस. "साखरेची सरासरी सहावर आणली, अम्मच्ची! तरुण पोरांनाही जमत नाही," म्हणून मिरवलास. एक्क्याऐंशीचा माणूस, मूत्रपिंडं थकलेली; त्याला तरुण पोराचे आकडे कशाला? म्हाताऱ्यांची साखर फार आवळू नका, असं हल्ली तुमच्याच परिषदांत सांगतात. तू बहुधा तेव्हा जेवायला गेला होतास.

मग ईस्टरआधीचा मोठा उपास लागला. दुपारपर्यंत पोटात पाण्याशिवाय काही नाही, आणि गोळी मात्र सकाळीच, मुलाने दिली म्हणून भक्तिभावाने. याच घरात वाढलास, आणि "सकाळी खाता का?" एवढं बापाला विचारलं नाहीस! पहाटेची साखर छान यायची, म्हणून सगळे खूश. अकराच्या सुमाराला ते घामाघूम होऊन बरळायचे. तू मेंदूचा फोटो काढलास आणि म्हणालास, मेंदू आक्रसलाय. त्या वयात आक्रसतोच. तुझाही आक्रसेल; सुरुवात झाली असावी.

मंगळवारी ते बरळायला लागले तसं मी बोट टोचलं. साखर फक्त अठ्ठेचाळीस! साखरपाणी पाजलं. जरा वेळाने डोळे उघडून म्हणाले, "एलियम्मा, माझा उपास मोडलास? आता फादरना काय सांगू?"

"फादरना मी सांगेन."

"मग बिचाऱ्या फादरचं काही खरं नाही."

गोळी बंद केली, न्याहारी सुरू केली. पहिले दोन दिवस बोटं टोचून टोचून त्यांच्या शिव्या खाल्ल्या. आता बरळणं नाही.

एक गोष्ट फोनवर बोलले नव्हते. त्याआधीच्या रविवारी चर्चमधून मी जरा उशिरा आले, तर त्यांनी मला हात जोडले. "बाई, कोणाकडे आलात?"

म्हटलं, "तुमच्याकडेच."

"मग बसा. माझी बायको येईलच इतक्यात."

मी बसले.

साखर ताळ्यावर आली, पण आश्रमात न्यायची पिशवी त्यांनी भरून खाटेखाली ठेवलीय, ती काढू देत नाहीत. "मुलगा मोठा डॉक्टर आहे, उगाच नाही म्हणणार. माझं डोकं गेलंय." मी समजावलं तर म्हणतात, "तू बायको आहेस. तू असंच म्हणणार." माझी चाळीस वर्षांची डॉक्टरकी गेली पाण्यात!

तेव्हा शनिवारी तू स्वतः ये. सबबी नकोत, तुझे रोगी एक दिवस तुझ्यावाचून जगतील, काही तर सुधारतीलही. बापासमोर बस आणि स्पष्ट म्हण, "अप्पच्चन, डोकं तुमचं गेलं नाही, गोळी माझी चुकली." मग ती पिशवी तुझ्या हाताने उपस, आणि एकेक मुंडू घडी करून कपाटात ठेव. त्यांच्या देखत.

तुझ्यावर भयंकर रागावलेली, तरी तुझीच,
अम्मच्ची