मागच्या खोलीतली बिनआवाजी गाडी

६ एप्रिल
ठरलं. मागच्या खोलीतलं टेबल जागचं हलणार नाही. हलेल तो आवाज.
आमची लेक भैरवी जूनमध्ये बाळंतपणाला येतेय. पहिलंच आहे, म्हणजे माहेरीच व्हायचं. हिला, म्हणजे मधुवंतीला, ती खोली रिकामी हवी. म्हणे, तुमच्या आगगाडीची धडधड लेकराच्या डोक्याशी नको. रिटायर झाल्यापासून मी त्या टेबलावर मॉडेल रेल्वेचे रूळ टाकतोय. पूल केला, बोगदा केला, माझ्या गावाच्या नावाचं खापा स्टेशन केलं. ते सगळं माळ्यावर टाकायचं?
मी शब्द दिला. भैरवी येईपर्यंत आवाज शून्य. बाळ आणि गाडी एकाच खोलीत सुखाने नांदतील. ही म्हणाली, अन् नाही झालं तं? नाही झालं तर टेबल माझ्या हाताने मोडीन.

९ एप्रिल
यूट्यूबवर एक गोरा सांगत होता. रुळाखाली कॉर्कशीट टाका, पण स्क्रू आवळू नका. स्क्रूमधून आवाज खाली प्लायवुडमध्ये उतरतो आणि अख्खं टेबल घुमतं, वगैरे.
हसू आलं. आयुष्य रेल्वेत गेलं माझं. (स्टोअर्स सेक्शनला होतो, पण रेल्वे ती रेल्वे.) सैल रूळ म्हणजे अपघात. कॉर्क टाकला आणि वरून स्क्रू गच्च आवळले.

१७ एप्रिल
आवाज थोडा वाढल्यासारखा वाटतो. प्लायवुड लोकल आहे, त्यामुळे. रुळांमध्ये पसरलेल्या बारीक गिट्टीवर भरपूर फेविकॉल ओतला. वाळून दगड झालाय. आता कुठून आवाज येतो बघू.

१८ एप्रिल
येतो. पंख्याचा असावा.

२ मे
ऊन मी म्हणतंय. मागच्या खोलीच्या खिडकीत डेझर्ट कूलर बसवला, फुल स्पीडवर. मग गाडी सोडली.
काहीही ऐकू आलं नाही. डबे खाप्याला वळसा घालून गेले, बोगद्यातून निघाले, चूं नाही की चां नाही. फेविकॉलला पूर्ण सेट व्हायला वेळ लागतो, हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं.
हिला बोलावलं. दारात उभी राहून म्हणाली, कूलर बंद करून दाखवा न. मे महिन्यात नागपुरात कूलर बंद? ही कुठली टेस्ट? हिला यश बघवत नाही.
खालच्या मजल्यावरच्या चंपतरावांना जाऊन विचारलं. त्यांच्या कूलरपाशी जाऊन ओरडावं लागलं. म्हणाले, मले तं काहीच ऐकू नाही आलं गा. शेजाऱ्याचं सर्टिफिकेट याहून मोठं काय असतं?

११ मे
तरी एक जास्तीची खबरदारी. रुळाच्या फळीखाली मऊ सुती थर हवा. बाजारात पाहिजे तसं काही मिळालं नाही. कपाटात मिळालं. हिने जुन्या साड्यांची दुपटी शिवून ठेवली आहेत बाळासाठी. बाळाला अजून वेळ आहे, कापड नुसतं पडून. फळीखाली अंथरून, वरून आणखी फेविकॉल ओतून स्क्रू पुन्हा आवळले. फेविकॉल जरा झिरपला, पण सुती कापड आहे, निघेल.

८ जून
भैरवी आली. दमली होती, कूलरसमोर गाढ झोपली. उशाशी माझी गाडी फेऱ्या मारत होती आणि पोरीची पापणी हलली नाही. ऊर भरून आला. हिला खुणेने दाखवलं. ही मान खाली घालून निघून गेली. हरलेल्या माणसाला चिडवू नये.

१७ जून
वाईट दिवस. उमस वाढली. कूलरने अंग नुसतं चिकचिक होतं म्हणून हिने तो बंद केला. मला न विचारता. दुपारी भैरवी झोपली होती, मी नेहमीसारखी गाडी सोडली.
अख्खं टेबल गर्जायला लागलं. पोर दचकून उठली, पोट धरून बसली, घामाघूम. ही धावत आली. टेबल ओढताना फळी उचकटली आणि खालची दुपटी दिसली. पापडासारखी कडक झालेली, त्यांतून स्क्रू आरपार. ही ती हातात घेऊन खालीच बसली. म्हणाली, लेकराचे कपडे काहून घेतले तुमी?
मी म्हणालो, कूलर चालू असता तर हा प्रश्नच आला नसता.
भैरवी म्हणाली, आई, सुमंतले फोन लाव. मी वाडीले सासरीच बरी.

१९ जून
जावईबापू सुमंत भैरवीला घेऊन गेले. पहिलं बाळंतपण सासरी. नातेवाईक मला काय म्हणतील, याचा विचार कुणी केला नाही. हीसुद्धा सोबत गेली. जाताना टेबलाकडे बघून माझ्याकडे बघितलं.
मोडायचं कबूल केलं होतं, खरं आहे. पण आता खोली रिकामीच आहे. मग मोडायचं कुणासाठी?

२७ जुलै
मुलगी झाली. वाडीला जाऊन आलो. घरामागे ट्रान्सपोर्टचं गोदाम. ट्रक मागे घेताना क्लीनर पत्रा बडवतो, हॉर्न तर विचारू नका. बाळ त्यात शांत झोपलेलं. मी म्हणालो, हा आवाज चालतो वाटतं. भैरवी म्हणाली, सवय झाली बाबा तिले. मांडीवर घ्यायला मागितलं तर ही म्हणाली, राहू द्या, उठंल.
नवीन दुपटी होती. भैरवीच्या सासूने शिवलेली. टाके ओबडधोबड आहेत.

१० ऑगस्ट
डबेवाल्याची भाजी खारट.
सगळे स्क्रू काढले. फेविकॉलची गिट्टी खरवडून फेकली, रूळ नुसते कॉर्कवर ठेवले. ही आयडिया मुळात माझ्या डोक्यात होतीच. गाडी सोडली. कूलर बंद, पंखा बंद. खरोखर आवाज नाही. डोळ्यांत पाणी आलं.
हिला फोन लावला आणि रुळापाशी धरला. पलीकडून म्हणाली, हॅलो, हॅलो, काहीच ऐकू नाही येऊन राहिलं. मी म्हणालो, अगं तेच तर. सगळं समजावून सांगितलं. कॉर्क, स्क्रू, सगळं. भैरवीला म्हणावं बाळाला घेऊन ये, खोली तयार आहे.
मग पाहिलं तर फोन केव्हाचा कट झाला होता.
पुन्हा लावला. बराच वेळ वाजला, कुणी उचलला नाही. ट्रकच्या आवाजात रिंग ऐकू गेली नसेल.