कूलर बंद, गिटार चालू

७ एप्रिल, सोमवार. सकाळी ६.१०
निवृत्त होऊन आज सातवा दिवस. पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून एकतीस वर्षं कालव्यांच्या सरळ रेषा ओढल्या. आता बस झालं. आजपासून मी अमूर्त चित्रकार. अमूर्तात रेषा वाकडी आली तर तिला शैली म्हणतात. सगळी सोय आहे.

निश्चय: रोज पहाटे चारला उठणे. ध्यान. मग सहा तास चित्र. आज उठायला सहा वाजले, पण सोमवार धरत नाही.

समोरची खोली स्टुडिओ म्हणून घेतली. माझी बायको प्रेमलता म्हणाली, ती खोली तिला पाहिजे होती. कशाला ते सांगत नाही. भिशीच्या बायका बसवणार, दुसरं काय! तिला समजावलं की आमच्या नंदनवन वस्तीत भिशीला खोल्या पुष्कळ मिळतील, स्टुडिओ एकही नाही.

९ एप्रिल. दुपारी ४
कॅनव्हास पांढराच. तसाच फ्रेम करावा का, असा विचार आला होता. पण ते माझ्या आधी कुणीतरी केलं असेल. लोक फार चलाख असतात.

उद्यापासून पहाटे पाच. चार अव्यवहार्य आहे.

११ एप्रिल. दुपारी ४.२०
आज इतिहास घडला. नीट लिहून ठेवतो.

तीनला लाइट गेली. कूलरची घरघर थांबली आणि वरच्या मजल्यावरून गिटार ऐकू आली. आधी टंग. मग बराच वेळ काहीच नाही. मग टंग टंग. मग खर्र असा आवाज, मग पुन्हा शांतता. असं पाऊण तास.

अंगावर काटा आला. एवढी मोठी शांतता ठेवायची हिंमत ऐऱ्यागैऱ्याची नाही. प्रत्येक टंगला एक फटकारा, प्रत्येक खर्रला एक ओरखडा, असं करत अख्खा कॅनव्हास भरला. घराला रंग दिला तेव्हाचे डबे उरले होते, ते कामी आले.

वर रविंद्र आणि वेदिका राहतात. नवराबायको, दोघं तिशीतले. तो घरूनच कॉम्प्युटरवर नोकरी करतो आणि केस मानेपर्यंत वाढवलेले आहेत. एकदा खांद्यावर गिटार घेऊन जिना चढताना पाहिला होता. तेव्हा मला वाटलं, वाया गेला. आज मनोमन माफी मागितली.

प्रेमलता हे ऐकायला घरात नव्हती. हल्ली ती दुपारी वर जाते, वेदिकाकडे एसी आहे म्हणून. आज लाइट नव्हती तरी चारपर्यंत वरच बसली. बायकांच्या गप्पांना विजेची काय गरज?

१५ एप्रिल. दुपारी
नवीन नियम. तीन ते चार कूलर बंद. पारा त्रेचाळीस. बनियन पिळून पुन्हा घातलं. कलेला घाम लागतोच.

चौथं चित्र पूर्ण. नाव 'मौन क्रमांक चार'.

प्रेमलता खाली आली, चित्राकडे पाहिलं आणि विचारलं, कूलर काहून बंद हाय? चित्राबद्दल एक शब्द नाही. बाईची तक्रार करत नाही, पण एकतीस वर्षांत हिला कलेतलं काही कळलेलं नाही. डाव्या हाताच्या बोटांना खोबरेल चोळत बसली होती. बोटांची टोकं दुखतात म्हणे. लोणच्याच्या कैऱ्या फोडून दुखत असतील. यंदा लोणचं अजून घातलेलं नाही हे नंतर लक्षात आलं, पण तोवर विषय बदलला होता.

२० एप्रिल, रविवार
रुपराव आला होता. ऑफिसातला जुना मित्र, कामठीहून शेअर ऑटोनं येतो आणि येताना अक्कल घरी ठेवून येतो. 'मौन क्रमांक दोन' समोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "हे काय होय गा मधुसूदन? ओल आली का भिंतीले?"

मी शांतपणे संगीत, शांतता आणि रंग यांचा संबंध समजावला. त्यानं सगळं ऐकलं, तर्री-पोह्यांची दुसरी प्लेट घेतली आणि म्हणाला, तरी वॉटरप्रूफिंग करून घे.

त्याच्यासमोरच प्रेमलतेनं पुन्हा खोलीचा विषय काढला. शेवटी करार झाला. एक जूनला वाचनालयाच्या हॉलमध्ये माझं प्रदर्शन. नात्याबाहेरच्या एका तरी माणसानं एक तरी चित्र घरी लावायला मागितलं तर खोली कायमची माझी. नाही मागितलं तर तिची. फुकट मागितलं तरी चालेल, असं तीच म्हणाली. रुपराव साक्षीदार.

मी लगेच हो म्हटलं. बिचारी. मागून तिला वाईट वाटू नये म्हणून गच्चीच्या खोलीला पंखा लावून देऊ.

२६ एप्रिल
जिन्यात रविंद्र भेटला. हात धरला आणि म्हटलं, तुमचं ऐकतो रोज. तो म्हणाला, काय ऐकता काका? मी फक्त हसलो. तोही हसला. कलावंतांना एकमेकांशी फार बोलावं लागत नाही. तो दोन-दोन पायऱ्या सोडून वर पळाला.

पहाटे पाचऐवजी आता सात.

५ मे. दुपारी ४
पारा पंचेचाळीस. नऊ चित्रं झाली. दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली. 'मौन क्रमांक नऊ' मधला काळा भाग तोच आहे.

वेदिकाला विचारलं, तुमच्याकडे वाजवणारे किती वर्षांपासून वाजवतात? ती म्हणाली, फेब्रुवारीपासून. काय विनय! नवऱ्याचं कौतुक करायला लाजत असणार.

१२ मे, सोमवार. दुपारी ४.०५
घात झाला.

आज वर अख्खी चाल वाजली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न थांबता, न चुकता. गोड होती. बारशाला वाजवावी इतकी गोड. मी ब्रश हातात घेऊन तसाच उभा. टंग नाही, खर्र नाही, फटकारा मारायला जागाच नाही.

रविंद्र विकला गेला. लग्नाच्या ऑर्डरी घेत असेल. सगळ्यांचं शेवटी असंच होतं.

प्रेमलता खाली आली ती गुणगुणतच. चहात साखर दुप्पट. मी माझ्या दुःखात, ही आपल्या आनंदात.

१३ मे. दुपारी ४
आजही तेच. तीन वेळा. तिसऱ्यांदा तर वर टाळ्यासुद्धा वाजल्या. प्रदर्शनाला एकोणीस दिवस आणि अजून सहा चित्रं हवीत. खोली हातची जाते की काय.

१४ मे. रात्री ९
वर पत्र पाठवलं. चार वेळा फाडून लिहिलं. मजकूर इथे उतरवून ठेवतो, पुढे संशोधकांना लागेल:

'आदरणीय कलावंत, आपण चुकत होता तोवर थोर होता. आपण अडायचात तिथे मी जगायचो. गेला महिनाभर रोज दुपारी मी कूलर बंद करून आपली वाट पाहिली आहे. माझ्या मनातलं इतकं ओळखणारं मला जन्मात कुणी भेटलं नाही. कृपा करून पूर्वीसारखं वाजवा. आपला, खालच्या मजल्यावरचा एक ऋणी.'

न्यायला प्रेमलतेलाच सांगितलं. जातेच आहेस वर, तर वाजवणाऱ्याच्या हातात दे, दुसऱ्या कुणाला नको. तिनं विचारलं, वाजवणाऱ्याच्याच? मी म्हटलं, हो, वाचून काय म्हणतात तेही पाहा.

चारला परत आली. डोळे लाल. वर कांदे चिरायला बसवलं असेल वेदिकानं. दिलं का विचारलं तर म्हणाली, पोचलं. आणखी काय म्हणाले? म्हणाली, काही नाही, दोनदा वाचलं.

१५ मे. दुपारी ४.१५
टंग. शांतता. टंग टंग. खर्र.

माझ्या शब्दाला केवढी ताकद! अख्खा तास पूर्वीसारखं, उलट पूर्वीपेक्षा वाईट. म्हणजे सरस. एका दमात दोन चित्रं. डोळ्यांत पाणी आलं, थोडं रंगाचं, थोडं खरं.

प्रेमलता खाली आल्यावर विचारत होती, आज काम चांगलं झालं का? मी म्हटलं, फार. बरं झालं, म्हणाली आणि कणीक मळायला गेली.

२३ मे
पंधरा चित्रं तयार. आता उद्घाटनाची योजना. हॉलमध्ये एका बाजूला गिटार, एका बाजूला मी आणि रिकामा कॅनव्हास. सगळ्यांसमोर त्या तालावर चित्र काढणार. मग पाहू कोण मागत नाही.

रविंद्रला निमंत्रण द्यायला वर गेलो. तो म्हणाला, काका, मले गिटार धरतासुद्धा येत नाही, ती तर वेदिकाची होय. इतका नम्र माणूस मी पाहिला नाही. तेवढ्यात वेदिका आतून आली आणि म्हणाली, तुम्ही काळजी करू नका काका, वाजवणारे येतील. झालं तर मग.

२९ मे
पत्रिका वाटल्या. 'रंग आणि तार: एक संवाद. चित्रकार मधुसूदन. साथीला एक गूढ वादक.' प्रेमलतेनं पाच पत्रिका मागून घेतल्या. हळूहळू का होईना, गोडी लागून राहिली आहे.

१ जून, रविवार. रात्री ११
काय लिहू?

हॉल भरला होता. चाळीस तरी माणसं असतील. वाचनालयाच्या सिंधूताईंनी नारळ फोडला. मी एप्रन घालून, बाह्या सरसावून कॅनव्हाससमोर उभा राहिलो. रविंद्र गिटार घेऊन आला. मी टाळ्या सुरू केल्या. त्यानं गिटार पहिल्या रांगेत बसलेल्या प्रेमलतेच्या हातात दिली.

मला वाटलं, तो बूट काढेस्तोवर धरायला दिली.

प्रेमलता उठली. मोरपंखी साडी नेसली होती. खुर्ची ओढून पुढे बसली, पदर खोचला, गिटार मांडीवर घेतली. मी म्हटलं, अगं, ती त्यांची आहे. वेदिका पुढे आली आणि सगळ्यांना सांगू लागली की प्रेमलताकाकू फेब्रुवारीपासून माझ्याकडे शिकतात, रोज दुपारी तीन ते चार, एक दिवस खाडा नाही.

रोज दुपारी तीन ते चार. मी ब्रश हातात घेऊन हिशेब करत उभा. खोबरेल. लाइट गेलेली दुपार. ते पत्र! देवा, ते पत्र मी तिच्याच हातानं तिलाच पाठवलं होतं.

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात, मला एकट्याला ऐकू जाईल असं विचारलं, "सांगा ना, चुकवून वाजवू का बरोबर?"

तिला माहीत होतं. चुकवून वाजवलं तर माझं चित्र होईल आणि खोली कदाचित माझी राहील. चाळीस माणसांसमोर, ज्यात पाच तिच्या माहेरची, ती माझ्यासाठी चुकायला तयार होती.

पंधरा दिवस ती तेच करत होती.

मी म्हटलं, बरोबर.

वाजवलं तिनं. एकदाही अडली नाही. लोक खुर्च्या ओढत तिच्याभोवती गोळा झाले, भिंतीकडे सगळ्यांच्या पाठी. मी एक फटकारा मारला नाही. कॅनव्हास पांढराच राहिला. रुपराव रडत होता. मला वाटलं, माझ्यासाठी रडतो.

चित्र कुणी मागितलं नाही. एका गृहस्थांनी 'मौन क्रमांक सहा' खाली असलेला स्टँड कुठून घेतला ते विचारलं. सिंधूताई मात्र प्रेमलतेपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "क्लास घेतेस का वं? आमच्यासारखीले जमेल का?" त्यांच्यामागे आणखी तीन बायका उभ्या होत्या.

म्हणजे खोली गिटारसाठी हवी होती.

२ जून, सोमवार. दुपारी १
उशिरा उठलो. ध्यान वगैरे नाही.

चहाला प्रेमलताच म्हणाली, दिवाळीपर्यंत ठेवा खोली, वेदिकाच्या हॉलमध्ये बसू आम्ही, काही घाई नाही. मी विचारलं, आधी का नाही सांगितलं? "तुम्ही हसले असते."

हसलो असतो. चारचौघांत सांगून हसलो असतो. रुपरावला पोहे खाता खाता सांगितलं असतं.

मग तिनं विचारलं, ते पत्रातलं खरं होतं का, की नुसतं लिहायचं म्हणून? वर्तमानपत्र उलटं धरून बसलो. मग म्हटलं, खरं होतं. ती उठून भांडी घासायला गेली आणि बराच वेळ एकच पातेलं घासत राहिली.

रोजनिशी कुणी वाचत नाही, तेव्हा लिहून टाकतो. ती वाईट वाजवत होती. मीही वाईटच काढत होतो. ती रोज जिना चढून शिकायला गेली. मी खाली बसून त्याला मौन म्हणत राहिलो आणि नंबर घालत राहिलो.

पंधरा चित्रं गच्चीवर नेली. दोन जिन्यात अडकली होती, रविंद्रनं हात लावला. फरशीवरचे डाग रॉकेलनं निघून राहिले आहेत, खिडकीखालचा तेवढा राहिला. सिंधूताई आणि त्या तिघी तीनला येणार आहेत, त्याच्या आत खोली पुसून, सतरंजी घालून आणि कूलरमध्ये पाणी भरून ठेवायला हवं.