जिलेबीला जागा पाहिजे

३ नोव्हें., सोम.
सकाळी जिलेबीला खरारा करत होतो तर अण्णा आले. डोंबिवलीचा हा प्लॉट त्यांचाच, आठ महिने पत्र्याच्या शेडमध्ये फुकट राहू दिलंय. हातात चहाचा कप, नजर भलतीकडे. तेव्हाच समजलो. "संदीप, बिल्डरची सही झाली रे. तीस तारखेपर्यंत घोडी हलव." मग माझ्याऐवजी जिलेबीलाच थोपटलं आणि गेले. त्यांचा तरी काय दोष!
सत्तावीस दिवस. पण खरं सांगू, आतून थोडं बरंही वाटतंय. शेडमध्ये दोन पावलं टाकली की भिंत. आता हिला चांगली जागा बघू. एकदम फर्स्टक्लास!

४ नोव्हें., मंगळ.
बाबूमामांचा फोन. (जिलेबी आधी त्यांची. वरातीला घोड्या द्यायचे. कवळी करायला आमच्या कल्याणच्या लॅबमध्ये आले, ट्रायलला चार वेळा आले, पाचव्या वेळी म्हणाले गुडघे गेले, घोडी विकतोय. मी हो म्हणून बसलो.) म्हणाले, "जागा नाय भेटली तर सांग, बॅण्डवाला उभा आहे. सीझन सुरू झाला, आजच्या आज नेईल."
बाबूमामा, तुमची कवळी अशी बसवलीये की ऊस खाताय, आणि तुम्ही मला हे सांगताय!
नाही देणार. पुन्हा डोक्यावर कलगी, कानाशी बेंजो, पाठीवर नव्वद किलोचा नवरदेव. नाय म्हणजे नाय.
वैशाली म्हणाली, "तू स्वतःच्या वरातीत मंडपाच्या दारात पोचल्यावरही घोडीवरून उतरत नव्हतास. मला तेव्हाच कळायला हवं होतं." बायकोची स्मरणशक्ती!

८ नोव्हें., शनि.
हाफ डे. मोहन्याला गेलेलो, जुन्या फॅक्टरीच्या पलीकडे एक तबेला आहे असं ऐकलेलं. न सांगता गेलो. माझा नियम: आधी फोन केला की लोक पाणी बदलून ठेवतात.
आणि पहिलं बघायचं दात. लोक मला हसतात, पण मी वीस वर्षं दातच करतोय. तोंड बघितलं की खाणंपिणं, निगा, सगळं कळतं. इथल्या चार घोड्यांचे दात बरे. टाकीत शेवाळ नाही. खूर वेळेवर कापलेले. मी खूष!
मालक पन्नाशीचा, गोड माणूस. पत्ता विचारला, घोडी विचारली. "जिलेबी? बाबूची जिलेबी? अरे, बॅण्ड वाजला की गोल गोल फिरते तीच ना! आण की. खायला-प्यायला सगळं माझं. आठवड्यातनं दोन वराती फक्त."
मी म्हटलं नऊची आहे, पण रिटायर झाली.
"नवव्या वर्षी? नुसती उभी राहून काय करणार ती, पेपर वाचणार?"
हसलो. निघालो. तो वाईट नाही, पण तिथे नाही.

९ नोव्हें., रवि.
आज ठाणे!! घोडबंदर साइड. वै.पण आली.
काय जागा आहे! वाळूचं मैदान, प्रत्येक घोड्याला वेगळी खोली, वर पंखा. दारावर नावाच्या पाट्या. आंघोळीला शॉवर. शॉवर! आमच्या बाथरूमचा गेले वर्षभर गळतोय.
सहा घोड्यांचे ओठ वर करून बघितले. दात एक नंबर. टोकं घासलेली, कुठे कड नाही, असं काम माणसांच्या तोंडात होत नाही. ज्या मॅडम सगळं बघतात त्या म्हणाल्या, "तुम्ही डॉक्टर आहात का?" मी म्हटलं नाही, दात बनवतो. त्या जरा मागे सरकल्या.
नियम: पंधरा वर्षांवरचा घोडा घेत नाहीत. छाती फुगवून सांगितलं, नऊची आहे! एकच जागा शिल्लक. २५ तारखेला त्यांचे डॉक्टर डोंबिवलीत येऊन तपासणार, मग पक्कं.
परतताना मी बडबड बडबड. शेवटी वै. म्हणाली, "सगळ्या दारांच्या कडा खाल्लेल्या का होत्या रे?"
मी विचारलं होतं मॅडमना. म्हणाल्या, बोअर होतात. दिवसातून एक तास बाहेर काढतात.
एक तास.
पण शॉवर आहे.

१२ नोव्हें., बुध.
लॅबमध्ये तीन क्राउन, दातांच्या टोप्या, परत आले, रंगाची शेड मॅच नाही म्हणून. माझे! वीस वर्षांत असं झालं नाही. डोक्यात सगळा ठाण्याचा पंखा फिरतोय. दिवसभर ठाणे नक्की, संध्याकाळी ठाणे नको.

१५ नोव्हें., शनि.
लॅबमध्ये दाढेसाठी आलेला एक पेशंट म्हणाला, टिटवाळ्याच्या पुढे, नदीच्या अंगाला, हिराबाई म्हणून आहेत. घरचे बैल शर्यतीचे, त्यांच्या जोडीला घोडे होते. आता दोन-तीन जनावरं आणि मोकळी जमीन. "पण बाई तिखट आहे हां."
उद्या जातो. तिखटाला कोण घाबरतो!

१६ नोव्हें., रवि.
सावकाश लिहितो.
हिराबाई साठीच्या. मागच्या बाजूला टॉवर उठतायत, तरी घरामागे अजून एवढी मोकळी जागा, तारेचं कुंपण, आंब्याची सावली, खाली नदी. एक म्हातारा पांढरा घोडा, राजा. नाकाभोवतीही पांढरा. कुठेच बांधलेला नाही, स्वतःच्या मर्जीने फिरतोय! मला बघून त्याने पाठ केली.
मी सवयीने म्हटलं, दात बघू का.
"त्याचे क बगतोस? त्याला नायच. तुझे घोरीचे दाखव."
मोबाइलवर फोटो होते, मीच काढलेले, लॅबच्या कॅमेऱ्याने, एकदम क्लोजअप. अभिमानाने दाखवले. त्यांनी चष्मा लावला. फोटो मोठा केला.
"किती वरसांची म्हनलास?"
"नऊ."
"येरा झाला का काय तू?" (येरा म्हणजे वेडा. मीच!) "आठरा हाय. एक कमी नाय."
मग समजावून सांगितलं. जवान घोड्याच्या खालच्या दातांवर काळे खळगे असतात. वय वाढलं की घासून जातात. बाजारात काही जण म्हाताऱ्या घोड्याचे दात कोरतात, तापवलेल्या सळईने काळे करतात. झाला जवान. "खऱ्या खलग्याला भवती पांढरी कर असते. हितं कंय हाय? सांग."
नव्हती. इनॅमलची कड नव्हती. मी रोज, रोज, दिवसाला आठ तास इनॅमलचीच शेड जुळवतो! आणि आठ महिने हे खोटं काम बघून म्हणत होतो, काय सुंदर दात!
त्या हसल्या, मीही हसलो, दोघं इतके हसलो की राजाने वळून बघितलं. आणि मग मला एकदम रडू आलं. अठराव्या वर्षापर्यंत नाचवली तिला.
विचारलं, ठेवाल का. "एक म्हातारा हाय माझेकरं, दुसरी म्हातारी घेऊन क करू?" गेटपर्यंत सोडायला आल्या, तिथे म्हणाल्या, "आन. राजानी घेतली त र्‍हाईल. तो आजवर कुनाला घेत नाय."
घोडा ठरवणार म्हणे! त्याने नाही म्हटलं तर?

१७ नोव्हें., सोम.
बाबूमामांना फोन केला. चिडून केला. त्यांनी "अठरा?" असं दोनदा विचारलं. मग, "अरे, मी सातची म्हणून घेतली दोन वर्षांपूर्वी, यात्रेतून. देवाशपथ. मी हिला उन्हात दिवसाला तीन-तीन वराती केल्या रे." माझा राग तिथेच संपला.

१९ नोव्हें., बुध.
वै.ला सगळं सांगून झालं. म्हणाली, "मग ठाण्याला काय सांगणार? त्यांचा डॉक्टर बघणार दात." आणि चेष्टेत, "तूच कर की नवीन खळगे. तुझ्याकडे मशीन आहे."
मी हसलो. पण ते डोक्यातून जाईना. पांढरी कड कशी आणायची हे मला येतं. अख्ख्या जिल्ह्यात मलाच येत असेल! दात भरायचं कॉम्पोझिट, रंगाच्या दोन शेड, पाच-पाच मिनिटं एका दाताला. कोणाचा बाप ओळखणार नाही. आणि जागा पक्की. हिराबाईंच्या घोड्याच्या मूडवर थांबायला नको.

२२ नोव्हें., शनि.
हे लिहायचं नव्हतं, पण लिहितो.
दुपारी शेडवर गेलो. खिशात छोटी मशीन, तिचं दात कोरायचं टोक, कॉम्पोझिटची ट्यूब. अण्णा झोपलेले, आजूबाजूला कोणी नाही. मी नुसता हात तिच्या ओठाकडे नेला. लगाम नाही, हाक नाही.
तिने तोंड उघडलं.
आपणहून. डोळे घट्ट मिटले, मान खाली केली आणि उभी राहिली. पाय थरथरत होते, पण हलली नाही. म्हणजे तिला माहीत आहे. कोणीतरी असंच कधीतरी खिशातून काहीतरी काढलेलं.
मला माझीच इतकी लाज वाटली. ट्यूब गवतात फेकली (मग शोधून उचलली, तिने खाल्ली असती). तिच्या मानेला मिठी मारून उभा राहिलो. तिने माझा खिसा हुंगला, गुळासाठी. गूळ आणायला विसरलेलो गाढवासारखा.
ठाण्याच्या मॅडमना तिथूनच फोन केला. अठरा वर्षांची आहे म्हटलं. त्या म्हणाल्या, "ओह. मग सॉरी." म्हटलं, अजिबात सॉरी नको, आणि तुमच्या दारांच्या कडा बघा एकदा.
आता टिटवाळा, नाहीतर बॅण्डवाला. मधे काहीच नाही. आठ दिवस.

२३ नोव्हें., रवि.
सकाळी टेम्पो! खाली भात्याणाचा पेंढा पसरला, वै. पुढे बसली, मी मागे जि.सोबत. शहाडच्या पुलावर एका रिक्षावाल्याने ओरडून विचारलं, "वरात कुठे आहे?" वै. खिडकीतून ओरडली, "सासरी चाललीये!"
टिटवाळ्याला फळी लावली. जि. उतरली आणि जमीन हुंगत बसली. शेडमध्ये कोबा होता. हिच्या पायाखाली माती कधी आली असेल?
हिराबाईंनी तिला कुंपणाच्या अलीकडे ठेवलं, राजा पलीकडे. आठवडाभर असंच. एकमेकांच्या शेजारी चरले तर तार काढणार. जि.चं तोंड धरून दात ताडून बघितले त्यांनी. "आठरा," म्हणाल्या. "तरी पाय कशे सुंदर हायत गो तुझे."
राजा पार नदीच्या टोकाला जाऊन उभा राहिला. पाठ करून. म्हातारा खडूस!

२६ नोव्हें., बुध.
लॅब सुटल्यावर रोज जातोय. काल: राजा पाठ करून. आज: राजा पाठ करून, पण अर्ध्या अंतरावर. वै. म्हणते, हे स्थळ बघायला आल्यासारखंच आहे. मी सारखा फोटो पाठवतोय तिला, दोन्ही घोड्यांमधलं अंतर बघ म्हणून!
हिराबाई खात्री देत नाहीत. "मी हो बोलीन, आनी तो तिला लाथा घालील. मंग?" बरोबर आहे.
अण्णांच्या प्लॉटवर बोअरची गाडी आली. शेडचे पत्रे काढले. परत न्यायची तर जागाच नाही.

२९ नोव्हें., शनि.
बाबूमामांना घेऊन गेलो आज, हट्टच धरला त्यांनी. काठी टेकत कुंपणापर्यंत आले. जि.ने ओळखलं, तोंड त्यांच्या खांद्यावर ठेवलं. मामा तिच्या कपाळावर जिथे कलगीचा पट्टा घासून केस गेलेत तिथे बोट फिरवत बसले.
तेवढ्यात खालच्या पाड्यातून वरात निघाली. बेंजो, ढोल, सगळं. वाऱ्यावर आवाज थेट आमच्यावर. आता फिरणार! फिरायला लागली तर राजा बिथरणार, आणि मग संपलंच. बाबूमामांनी डोळे मिटले.
जि.ने कान टवकारले. एक पाय उचलला. राजाही बघत होता, आता पाठ नाही, तोंड इकडे.
पाय तसाच धरला तिने. मग खाली ठेवला, मान खाली घातली आणि गवत ओढलं. बेंजो वाजतोय, ढोल वाजतोय आणि ही आपली चरतेय! चरतच चार पावलं पुढे गेली, तारेपर्यंत. राजा तारेच्या पलीकडून आला आणि हातभर अंतरावर तोही चरायला लागला. बाबूमामा रडत होते, कवळी काढून हातात घेतलेली. मी उड्या मारत होतो. अक्षरशः!
हिराबाईंना विचारलं, मग? ठरलं?
"उंद्या बगू," म्हणाल्या. तारेला हातही लावला नाही. उद्या तीस.
पण निघताना बघितलं, राजाच्या बादलीशेजारी दुसरी बादली भरून ठेवत होत्या.